जलसिद्धांचा मणी

“विष!” महाराज कडाडले आणि त्यांनी ग्लास उंच धरला. त्यांच्या बाटलीतले दोन थेंब पडताच आतलं पाणी लख्ख पिवळं झालं होतं. “हे तुमच्या नळाचं पाणी. आता माझी सिद्धी बघा!”

दुसऱ्या ग्लासात त्याच नळाचं पाणी. महाराजांनी दोऱ्याला बांधलेला पांढरा मणी त्यात बुडवला, डोळे मिटून ढवळला, काहीतरी पुटपुटले. मग तेच दोन थेंब टाकले. पाणी होतं तसंच राहिलं.

“अगं बाई गं!” माझ्या शेजारची शिंपीण म्हणाली. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. तलावाच्या काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यात जोरात टाळ्या पिटत होता माझा धाकटा भाऊ, या पोहण्याच्या तलावाच्या समितीचा अध्यक्ष. शेजारी त्याची पाच वर्षांची लेक उभी होती. मला महाराजांपेक्षा त्याचाच राग आला. लबाडाने लबाडी केली तर त्याचं ते पोट आहे. पण आमच्या घरातल्या शिकल्यासवरल्या माणसाने मान डोलवावी?

झालं होतं ते असं. आमच्या तलावाच्या पाण्यात थोडं मीठ असतं, आणि पाइपाला एक मशीन जोडलेलं होतं. पाणी त्याच्या प्लेटांमधून जातं, प्लेटांत वीज खेळते, मिठातून क्लोरीन तयार होतो आणि तो जंतू मारतो. सुट्ट्या लागल्या, गर्दी वाढली, तसे लोकांचे डोळे झोंबू लागले, उग्र वास येऊ लागला. सगळे म्हणाले, क्लोरीन जास्त होतोय. भावाने मशीन कमी केलं. वास वाढला. त्याने आणखी कमी केलं. वास आणखी वाढला. मी तेव्हाच सांगत होते, पण मोठ्या बहिणीचं ऐकतंय कोण? ती पडली शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी!

अशात हे जलसिद्ध महाराज उगवले. “समुद्रही खारटच,” ते म्हणाले, “समुद्राला कुणी मशीन लावलंय का?” झालं! लोकांना पटलं. मशीन निघालं, पाण्यात महाराजांचे ‘शांतीचे खडे’ पडले, आणि काही दिवसांत वास गेला. तळाच्या फरश्या दिसतील इतकं पाणी नितळ झालं. घरोघरी मणी विकले गेले. उद्यापासून मुलांचे पोहण्याचे वर्ग सुरू होणार होते, आणि आज प्रत्येक मुलाने या तलावाचं घोटभर पाणी प्यायचं होतं.

“अध्यक्षांच्या कन्येपासून शुभारंभ!” महाराजांनी तलावात ग्लास बुडवून भरला, दोन थेंब टाकून दाखवले. पाणी पिवळं झालं नाही. मग त्यांनी तिथलाच दुसरा ग्लास भरून भावाच्या हातात दिला. भावाने तो लेकीच्या तोंडाशी नेला.

“खबरदार!” मी ओरडले. “ग्लास खाली ठेव.”

“ताई, सगळ्यांसमोर नको ना...”

“सगळ्यांसमोरच! पोरीच्या पोटात सगळ्यांसमोर ओततोयस ना?”

मी गर्दीतून वाट काढत पुढे गेले. महाराज गोड हसले. “माताजी, शंका आली की पाणी कोपतं.”

“मग त्याला कोपू दे. मला फक्त तुमची बाटली द्या. सिद्धी तुमची आहे ना? मग थेंब कुणीही टाकले म्हणून काय बिघडलं?”

लोकांसमोर नाही म्हणता येईना. बाटली माझ्या हातात आली. मी सरळ नळाकडे गेले. तिथे पाण्यात उतरण्याआधी पाय बुडवायचं टाकं आहे. सकाळपासून शंभर पायांची माती, केस, घाम, सगळं त्यात. त्यातलं गढूळ पाणी मी ग्लासात घेतलं, दोन थेंब टाकले आणि ग्लास उंच धरला.

पिवळं झालं नाही.

“बघा हो, किती शुद्ध!” मी म्हटलं. “महाराजांच्या परीक्षेत पहिल्या नंबराने पास! चला अध्यक्ष, पाजा तुमच्या लेकीला.”

मागून कुणीतरी खी खी करून हसलं. मग सगळेच हसले. भाऊ मात्र हसला नाही.

“या थेंबांनी पिवळं होतं ते क्लोरीनमुळे,” मी सांगितलं. “नळाच्या पाण्यात तो असतो, तुमच्या रक्षणासाठी घातलेला. यांच्या लेखी तेच विष! पाणी पिवळं नाही झालं, तर पाण्यावर पहारेकरी नाही, एवढाच त्याचा अर्थ.”

“आणि मणी?” शिंपिणीने विचारलं. तिने दोन घेतले होते, बिचारीने.

पर्समध्ये सर्दीसाठी ठेवलेली क जीवनसत्त्वाची आंबट गोळी होती. ती चुरून मी नळाच्या पाण्यात टाकली, डोळे मिटून ढवळलं, मुद्दाम ओठही हलवले. मग थेंब टाकले. पाणी जसंच्या तसं! “घ्या, मलाही सिद्धी मिळाली. ही गोळी क्लोरीन खाऊन टाकते. महाराज, तुमचा मणी चाटून बघू? आंबट लागला तर?”

महाराजांनी मणी मुठीत घट्ट दाबला. दिला नाही. सगळ्यांनी पाहिलं.

“पण पाणी नितळ झालंय ना!” एक गृहस्थ अजून नेट धरून होते.

“तुमचे शांतीचे खडे म्हणजे तुरटी. तुरटीने गाळ खाली बसतो. जंतू बसले का, ते डोळ्यांना दिसतं होय?” मी भावाकडे वळले. “वाक. पाण्याखाली भिंतीला हात लाव.”

तो वाकला. हात फिरवला आणि झटकन मागे घेतला. भिंत बुळबुळीत होती. शेवाळ धरू लागलं होतं.

“डोळे झोंबत होते ते क्लोरीन कमी पडत होता म्हणून,” मी आता हळू आवाजात म्हटलं. “घाम आणि मुलांची शू यांच्यापुढे तो पुरा पडला नाही की अर्धवट काहीतरी तयार होतं, आणि वास त्याचा येतो. पुरेसा क्लोरीन असला तर तेही जळून जातं. प्लेटांवर चुन्याचा थर चढलाय, म्हणून मशीन कमी क्लोरीन बनवत होतं. थर काढायचा सोडून तू मशीनच कमी करत बसलास. आता क्लोरीनच नाही, म्हणून वासही नाही. आणि समुद्रात एवढी पोरं एका टाकीत कोंडून आंघोळ करत नाहीत रे.”

महाराजांनी हात वर केले. “हिची वाचा बसेल! उद्या उजाडायच्या आत!”

“बसू दे. मग फळ्यावर लिहून सांगेन. तुमची पाठ नाही सोडायची मी.”

ते गेले, आज एकही मणी न विकता गेले. गर्दी मात्र हलेना. उद्याच्या वर्गांचं काय, म्हणून दोघे-तिघे माझ्यावरच डाफरले. डाफरा खुशाल! पण चमत्कार दाखवणारा कुणी दारात आला तर टाळी वाजवायच्या आधी त्याला एवढंच विचारा: तुमच्या परीक्षेत नापास कोण होतं, ते दाखवा. ज्या परीक्षेत गटारही पास होतं, ती परीक्षा नव्हे, डोळ्यांत धूळ आहे. हे विचारायला पदवी लागत नाही, तोंड उघडायची हिंमत लागते.

भावाने हातातला ग्लास फरशीवर ओतला. सगळ्यांना बाहेर काढलं आणि खिशातून किल्ली काढून फाटकाला कुलूप लावलं.

“आत्या, मग मी पोहणार कधी?” भाची रडवेली झाली.

“मशीन साफ करून जोडलं आणि पाणी थेंबाने नीट पिवळं व्हायला लागलं की.”

“मी स्वतः बघेन थेंब टाकून,” भाऊ म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता, पण नजर माझ्यावर होती. “रोज. आता कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवायचा नाही मला. तुझ्यासुद्धा नाही, ताई.”

इतक्या वर्षांत माझ्या या भावाने पहिल्यांदाच मला खूश केलं.