स्लॅबवरचा फौजदार

आयटी कंपन्यांना खेटलेल्या माण गावात आता कोंबडा आरवला की लोक उठत नाहीत, धाडकन खिडक्या लावून घेतात. ज्या गावाला कोंबडा उठवायचा, ते गाव आता रात्रभर अमेरिकेची कामं करून पहाटे झोपायला येतं. त्याची झोप मोडली तर भाडेकरू जातो. आणि भाडेकरू गेला तर घरमालकानं खायचं काय? शेत तर केव्हाच खाऊन झालं. म्हणून गावानं सगळे कोंबडेही खाऊन टाकले. एक सोडून.

तो एक कोंडाजीच्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीखाली राहत होता. नाव फौजदार. रंगानं तांबडाभडक, शेपटीला काळी-हिरवी झाक, आणि चालणं असं की समोरच्यानं घाबरून लायसन काढून दाखवावं. कोंडाजीचं शेत कंपन्यांत गेलं, बैल बाजारात गेले, गोठ्याचं पार्किंग झालं. सकाळी उठून ज्याला दोन शिव्या हासडून चार दाणे टाकावेत, असं घरात हे एवढंच उरलं होतं. बायकोला शिव्या देण्याची कोंडाजीची छाती नव्हती.

ही बायको म्हणजे चंद्राबाई. खोल्यांचा सगळा कारभार तिच्या हातात. जत्रा तोंडावर आली तसा दुसऱ्या मजल्यावरचा कौस्तुभ तिच्याकडे तक्रार घेऊन आला. पोरगा जळगावकडचा, डोळे तारवटलेले.

"काकू, मी पहाटे पाचला लॉगआउट करतो, आणि तुमचा कोंबडा लॉगइन करतो. एक तर तो राहील, नाहीतर मी."

चंद्राबाईनं क्षणभरही विचार केला नाही. तिनं नवऱ्याला हाक मारली. "अहो, वरच्या मजल्यावरच्या पोरी ह्या कोंबड्यापायीच गेल्या. आता हे पोरगंबी जाणार. जत्रंच्या खाऱ्या दिवशी त्यो फौजदार पातेल्यात गेला पायजे."

जत्रेचा पहिला दिवस पुरणपोळीचा, दुसरा खारा, म्हणजे रश्श्याचा. पण कोंडाजीला चौकातला फ्लेक्स आठवला. 'भव्य गावरान कोंबडा स्पर्धा. नातं मातीशी!' फ्लेक्सवर जत्रा कमिटीचे अध्यक्ष एकनाथभाऊ हात जोडून ट्रकएवढे उभे होते, आणि त्यांच्या कोपरापाशी अंगठ्याएवढा कोंबडा.

"फौजदाराला स्पर्धेत उतरवतो," कोंडाजी म्हणाला. "पयला नंबर आलेला कोंबडा कोन कापतंय का?"

चंद्राबाईनं त्याच्याकडे असं बघितलं, जसं डिपॉझिट न देता खोली मागणाऱ्याकडे बघायची. "नंबर आला तर ऱ्हाईल. न्हाई आला तर पातेलं. मंग रडायचं न्हाई."

"व्हय."

झालं. फौजदाराचा जीव आता एकनाथभाऊंच्या स्पर्धेला टांगला.

आता या भाऊंविषयी थोडं. गावातून निवडून आलेल्या भाऊंनी जमीन विकून कोळवणला फार्महाऊस बांधलं, आणि तेव्हापासून त्यांना मातीचा फार उमाळा येऊ लागला. देवळापुढच्या मैदानात त्यांनीच फंडातून पेव्हिंग ब्लॉक बसवले होते. मग जत्रेच्या कुस्त्या कुठं लावायच्या, हा प्रश्न पडला. तेव्हा त्यांनीच कोळवणहून ट्रॉलीभर माती मागवून ब्लॉकवर आखाडा केला. ज्या गावात बारमाही माती होती, तिथं माती बाहेरून आली, आणि तिचं स्वागत करायला ढोल-ताशे होते.

स्पर्धेच्या दिवशी पिंजऱ्यांची रांग लागली. निम्म्या कोंबड्यांच्या पायाला आदल्या दिवशीच्या बाजारातली सुतळी तशीच होती. एकानं तर सरळ ब्रॉयलर आणला होता. तो बिचारा उठून उभा राहिला, हेच त्याचं कौतुक. भाऊंच्या सौ. सुलक्षणावहिनींनी फार्महाऊसवरचा कोंबडा आणला होता, गळ्यात रिबीन बांधून. नाव ब्रूनो. वहिनी त्याला हातानं मक्याचे दाणे भरवत होत्या आणि एक पोरगी त्याचा व्हिडिओ काढत होती.

परीक्षक पौडचे रिटायर झालेले ढोरांचे डॉक्टर होते. त्यांनी तुरे बघितले, पंख उघडले, पायाचे काटे चाचपले. फौजदारापुढं ते बराच वेळ थांबले. फौजदारानं त्यांच्याकडे असं रोखून बघितलं की डॉक्टरांनीच नजर खाली घेतली.

भोंगा कडाडला. "पहिला क्रमांक... कोंडाजीअण्णांचा फौजदार! दुसरा क्रमांक, सौ. सुलक्षणावहिनींचा ब्रूनो!"

कोंडाजीला फेटा बांधला. त्यानं बायकांच्या गर्दीत चंद्राबाईला शोधून मान उंचावून दाखवली. तिनं तोंड वाकडं केलं, पण हसलीच. कोंबडा वाचला.

पण माईक अजून भाऊंच्या हातात होता, आणि ज्याच्या हातात माईक असतो तो कधी कोणाचं भलं होऊ देत नाही.

"आणखी एक आनंदाची बातमी! खाऱ्या दिवशी देवाला पहिला कोंबडा देण्याचा मान पूर्वी कोंडाजीअण्णांच्या घराण्याचा होता. गावात कोंबड्याच राहिल्या नाहीत आणि आपण नारळावर भागवू लागलो. अण्णा दर जत्रेला मीटिंगमध्ये भांडायचे, 'आमच्या घरचा मान बुडवला' म्हणून. अण्णा, आज तुमचा मान तुम्हाला परत! पहिल्या नंबरचा कोंबडा उद्या देवाला! आणि तोही शंभर टक्के गावरान, मातीत वाढलेला!"

टाळ्या. ढोल. गुरव विश्राम हळदकुंकवाचं ताट घेऊन फौजदाराकडे निघालासुद्धा.

भाऊ खोटं बोलत नव्हते. दर साली चहा पिऊन पिऊन कोंडाजीनं या मानासाठी घसा फोडला होता. आता मान हातात आला होता, आणि तोही पंख फडफडवत.

विश्रामनं कुंकवात बोट बुडवलं.

"थांब रं इसरामा!" कोंडाजी ओरडला आणि त्यानं भाऊंच्या हातातला माईक ओढला. "ह्यो गावरान न्हाई!"

ढोल थांबला.

"अण्णा, असं काय करताय?" भाऊ हसत म्हणाले. "तुमच्या घरचा ना तो?"

"घरचा हाय. गावरान न्हाई. स्लॅबवर अंड्यातनं निघाला, स्लॅबवर वाढला. ह्याच्या पायाला जल्मात माती लागली न्हाई. खोटं वाटतंय तर बघा."

त्यानं फौजदाराला उचललं आणि कोळवणच्या मातीत, आखाड्याच्या मधोमध सोडलं.

फौजदारानं एक पाय उचलला. झटकला. दुसरा उचलला, तोही झटकला. नव्या बुटात चिखलात उतरलेल्या साहेबासारखा तो इकडंतिकडं बघू लागला. त्याच्या चोचीसमोर एक गांडूळ वळवळलं, तर हा फौजदार किंचाळून मागं सरला, तडक पेव्हिंग ब्लॉकवर पळाला आणि तिथं छाती काढून आरवला.

मैदान हसून लोळलं. मागून कोणीतरी ओरडलं, "अण्णा, मंग तुमी तरी कुटं गावरान ऱ्हायलाय?"

"न्हाईच ऱ्हायलो!" कोंडाजी माईकमध्येच बोलला. "म्हनून तर मलाबी देवाला वाहू नगा!"

हशा पुन्हा उसळला, पण या खेपेला तो थोडा आखडता होता. हसणाऱ्यांच्या पायांखालीही ब्लॉकच होते.

विश्रामनं ताट खाली केलं. "भाऊ, देवाला ब्रॉयलर चालत न्हाई, तसा ह्योबी चालायचा न्हाई. मातीतला पायजे. तुमीच बोल्ला आत्ता."

"मंग दुसऱ्या नंबरचा घ्या की," कोंडाजी साळसूदपणे म्हणाला. "त्यो तर कोळवणच्या मातीत वाढलाय. शंभर टक्के."

सगळं गाव भाऊंकडे वळलं. वहिनींनी ब्रूनोला छातीशी धरलं आणि गॉगल काढला. एवढ्या वर्षांत वहिनींचे डोळे गावानं पहिल्यांदाच पाहिले. भाऊंनी एकदा डोळ्यांकडे बघितलं, एकदा मतदारांकडे. मग नरडं साफ करून म्हणाले, "परंपरेपुढं... घरचं माणूसही मोठं नसतं."

त्या रात्री भाऊंना घरी जेवण मिळालं नाही म्हणतात. ऐकीव आहे, पण पटण्यासारखं आहे.

कोंडाजी मात्र घरी आला तो चोरासारखा. फेटा काढून घेतला होता, नंबर गेला होता, आणि चुलीशेजारी मोठं पातेलं घासून पालथं ठेवलेलं त्यानं आल्या आल्या बघितलं. फौजदाराला काखेत घेऊन तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"नंबर ऱ्हायला न्हाई," तो म्हणाला.

चंद्राबाई कांदा चिरत होती. "भोंग्यावर नाव पुकारलं का न्हाई?"

"पुकारलं. पर मंग..."

"मंगचं मला काय सांगू नगा. आपलं बोलनं काय झालं हुतं? नंबर आला तर ऱ्हाईल. आला. मी ऐकला." तिनं विळीवरून डोळे वर केले. "उद्या दुकानातनं ब्रॉयलर आना. आन् तुमच्या लाडक्याला टाकीच्या पलीकडच्या अंगाला बांधा, कौस्तुभची खिडकी हिकडं हाय."

कोंडाजीनं बांधला. मग त्यानं आखाड्यातली घमेलंभर माती उचलून आणली आणि टाकीपाशी पसरली. घे लेका, शीक जरा.

पहाटे फौजदारानं त्या मातीला दोरी पुरेल तेवढा लांबचा वळसा घातला, टाकीच्या कठड्यावर उडी मारली आणि नरडं फाडून आरवला. दुसऱ्या मजल्यावर एक खिडकी धाडकन लागली. कोंडाजीनं दोन शिव्या हासडल्या, चार दाणे टाकले.