सत्यजल आणि निळा टॉवेल

"बाळाला पाण्यात बसवण्याआधी आपलं कोपर बुडवून बघ गं, मगच त्याला आत घाल."

आईचं हे सांगणं रसायनशास्त्राच्या बाईंना नेमकं हायस्कूलच्या खचाखच भरलेल्या सभागृहात आठवलं. मंचावर पांढरं घमेलं होतं, काचेचा जग होता आणि रेशमी झब्ब्यातले नशामुक्ती महाराज होते. मागे पालक खुर्च्यांवर उभे राहून माना उंचावत होते.

सायकलस्टँडच्या मागे दारूच्या रिकाम्या बाटल्या आणि गोळ्यांची पाकिटं सापडल्यापासून मोठ्या सरांची झोप उडाली होती. कोण पितं, कोण गोळ्या घेतं, काही कळेना. कुणीतरी महाराजांचं नाव सुचवलं आणि सरांचा जीव भांड्यात पडला.

"बालकांनो, हे साधं पाणी नव्हे!" महाराजांनी जग उंच धरला. "हे सत्यजल! रक्तात लपलेली नशा हे बोटांवाटे खेचून बाहेर काढतं. रक्त बोलतं, बालकांनो, रक्त बोलतं!"

"माझं रक्त मराठीत नापास झालंय," मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजलं. बाईंनी ओठ आवळून हसू गिळलं.

महाराजांचा शिष्य खांद्यावर दोन ओले टॉवेल टाकून उभा होता, एक पांढरा, एक निळा. मंचावर येणाऱ्याचे हात तो आधी पुसायचा आणि मग महाराज त्यांवर पाण्याची धार धरायचे. पहिला नंबर रोज प्रार्थना म्हणणाऱ्या मुलाचा लागला. सगळे त्याला गवई म्हणत. हातावर पाणी पडलं, तसंच नितळ खाली ओघळलं.

"निर्मळ हात! याचा आदर्श घ्या!"

टाळ्या कडाडल्या. गवई मात्र चेहरा पाडून खाली उतरला.

मग फुटबॉल संघाची कप्तान वर गेली. उंच, केस बारीक कापलेली, कुणाला उलट बोलायला न घाबरणारी. शिष्याने तिला एकदा वरून खाली न्याहाळलं, हात पुसले. महाराजांनी धार सोडली आणि तिचे तळवे गुलाबी झाले! घमेल्यात गुलाबी थेंब टपटपू लागले. सभागृहातून "अगं बाई!" असा एकच आवाज उठला.

"मी काही घेतलेलं नाही!" कप्तानचा आवाज चिरकला. "सर, शप्पथ!"

"पाणी खोटं बोलत नाही," महाराज म्हणाले. "माझ्या शिबिरात पाठवा. तिथे शुद्ध होईल."

"उद्याची मॅच विसरायची," मोठे सर गरजले. "शिबिर होईपर्यंत शाळेत पाऊल टाकायचं नाही."

मागे खुर्चीवर उभी असलेली तिची आई मटकन खाली बसली.

बाई एरवी वर्गातही आवाज चढवत नसत. त्या उठल्या. "सर, एक विनंती. मुलांच्या आधी आपण मोठ्यांनी हात पुढे करायला हवा होता. पाणी कसं आहे ते आपल्याला नको का कळायला?"

"वा! मी येतो की!" पीटी सर उड्या मारत मंचावर चढले. उद्याच्या मॅचसाठी ते सकाळपासून मैदानावर चुन्याच्या रेघा ओढत होते आणि हात पँटला पुसून तसेच आत आले होते. "टॉवेल-बिवेल नको हो. निर्व्यसनी माणूस आहे मी!"

महाराजांनी बेफिकीर धार सोडली.

पीटी सरांचे हात मनगटापर्यंत गुलाबी झाले. कप्तानपेक्षा दुप्पट!

"अहो, मी चहासुद्धा घेत नाही!"

सभागृह खो-खो हसत सुटलं. महाराज क्षणभर गोंधळले, मग सावरले. "मागच्या जन्मीची नशा असावी!"

पण बाईंना तो रंग ओळखीचा होता. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं त्यांनी तो परीक्षानळीत पाहिला होता. त्या मंचावर गेल्या, दोन्ही टॉवेल चिमटीत धरून पाहिले. निळा हाताला बुळबुळीत लागला.

"महाराज, आपले हात द्या हं जरा," असं गोड बोलत त्यांनी ते निळ्या टॉवेलने पुसलेसुद्धा, आणि जग उचलून धार धरली.

महाराज गुलाबी!

"रक्त बोलतं!" मागचा बाक एका सुरात ओरडला.

हशा ओसरल्यावर बाईंनी समजावलं. "या पाण्यात फिनॉल्फथॅलीन आहे. एरवी त्याला रंग नसतो, पण धुण्याचा सोडा किंवा चुना लागला की ते गुलाबी होतं. निळ्या टॉवेलला सोडा आहे, सरांच्या हाताला चुना. ज्याला पकडायचं त्याला निळा टॉवेल, एवढंच." त्यांनी प्रयोगशाळेतून व्हिनेगर मागवलं आणि कप्तानच्या तळव्यावर थोडं ओतलं. रंग गेला. "झालं शिबिर," त्या म्हणाल्या. कप्तान आधी हसली, मग रडली, आणि तिच्या आईने मंचावर धाव घेतली.

"माझी देवावर श्रद्धा आहे," बाई म्हणाल्या. "पण देवाला मुलांची मनं वाचायला सोडा कशाला लागेल? नशा पाण्याने कळत नाही आणि शिबिराच्या धाकाने सुटत नाही. मुलांशी बोलावं लागतं, त्यांचं ऐकावं लागतं, डॉक्टरांकडे न्यावं लागतं. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर आधी विचारा, कसा केला?"

मोठ्या सरांनी भर सभेत कप्तानची माफी मागितली. महाराज गुलाबी हात खिशात लपवून मागच्या दाराकडे सरकले, पण तिथे पीटी सर हात बांधून उभे होते आणि पोलिसांना फोनही गेला होता.

शाळा सुटल्यावर गवई प्रयोगशाळेच्या दारात रेंगाळत होता.

"बाई, माझा हात नितळ राहिला ना..."

"हो रे."

"मी घेतो. गोळ्या. झोप येत नाही म्हणून एकाने दिल्या होत्या, आता त्यांच्याशिवाय चालत नाही. आज पकडला जाईन असं वाटलं होतं. बरंच वाटलं होतं त्याचं. आणि त्यांनी मला आदर्श केलं."

बाईंनी त्याला स्टुलावर बसवलं. "घरी माहीत आहे?"

"आईला सांगायची हिंमत होत नाही. तुम्ही याल?"

"येईन. आधी आईशी बोलू, मग तिघं मिळून डॉक्टरांकडे जाऊ. आजच."

"महाराजांकडे नाही ना?" तो कसाबसा हसला.

"तिकडे कशाला? उगीच हात रंगतील."

बाईंनी कपाटाला कुलूप घातलं. संध्याकाळची प्रार्थना त्यांनी कधी चुकवली नव्हती. आज देवाला थोडं थांबावं लागणार होतं, पण तो रागावणार नाही याची त्यांना खात्री होती. पर्स खांद्याला अडकवून त्या त्याच्या बरोबरीने फाटकाबाहेर पडल्या.