साहेबांचा ट्रे

लेक बापाकडे राहायला गेली तेव्हा ससा माझ्याकडे ठेवून गेली. त्याच्या घरी जनावर चालत नाही म्हणे. दर दुसऱ्या शनिवारी ती मुक्कामाला यायची ती सशासाठी, हे मला कळत होतं. मी स्वतःला फसवणारी बाई नाही. ससा आहे तोवर लेक आहे, इतकी सरळ गोष्ट.

सशाचं नाव साहेब. पाय पसरून ऐटीत बसायचा आणि मनात येईल तिथे मुतायचा. घरमालकीणबाई वरच्या मजल्यावर राहतात, पण नाक त्यांचं आमच्या दारातच. "आणखी एकदा वास आला, तर ससा तरी जाईल नाहीतर तुम्ही," म्हणाल्या.

लेकीने फोनवर बजावलं, "आई, ट्रेमध्ये गवत घाल आणि त्याच्या चार लेंड्या त्यातच राहू दे. वासावरून कळतं त्याला, ही आपली जागा. आणि तुझं ते औषध ओतू नकोस हं!"

आता मी अठरा वर्षं हॉस्पिटलात ऑपरेशनची खोली धुतेय. घाण दिसली की हात शिवशिवतात. लेंड्या ठेवायच्या म्हणे! रोज कामावरून आले की ट्रे जंतुनाशकाने घासून लख्ख करायची. साहेब हुंगायचा, शिंकायचा आणि सरळ लेकीच्या गादीवर चढायचा. मग मी चादर धुवायची, उशी धुवायची, गादी घासायची. वर त्यालाच झापायची, "अक्कल गहाण टाकलीस का रे?"

सोमवारी दार उघडं राहिलं आणि साहेबांनी मालकीणबाईंच्या पायपुसण्यावर कार्यभाग उरकला. मंगळवारी मी त्याला खोक्यात घातलं आणि आमच्या नर्सच्या भावाकडे दिलं.

शुक्रवारी नर्स कौतुकाने म्हणाली, "किती शहाणा आहे हो! दोन दिवसांत ट्रेमध्ये करायला लागला."

"काय केलंत?"

"काही नाही. भाऊ आळशी, ट्रे धुतलाच नाही त्याने."

हातातला पोछा तिथेच टाकून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. अठरा वर्षांत पहिल्यांदा फरशी अर्धवट सोडली.

शनिवारी लेक आली. मी सगळं खरं सांगितलं. वाटलं, आदळआपट करेल, निदान भांडेल. ती गादीवर बसली, उशी नाकाशी धरली.

"आई, ह्या उशीला माझाही वास नाही राहिला," एवढंच म्हणाली. मग पाणी प्यायली आणि बापाला फोन लावला, "बाबा, आजच न्यायला ये."

तिचा पेला ओट्यावर तसाच आहे. काठावर तिच्या ओठांचा डाग आहे. मी तो धुतलेला नाही. तिच्या दोन फेऱ्या चुकल्या, तळाचं पाणीही आटून गेलं.