चौसष्ट घरांना गेलेला निरोप

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेला तडा गेला आहे आणि पाठीचे झाकण रबर बँडने बांधलेले आहे. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, ग्रीसच्या डब्याशेजारी मी पडून असतो. एकेकाळी माझ्यामुळे चौसष्ट घरांत रोज ताजी भाजी पोहोचायची, असे सांगितले तर आज तुम्हाला ते खरे वाटणार नाही.

कारखान्यातून दुकानात आणि दुकानातून मी एका मळेवाल्या बाईंच्या हातात आलो. त्यांचा मळा शहराच्या कडेला होता. जेमतेम अर्धा एकर, पण वाफे कसे रेघ मारल्यासारखे. आधी त्या पहाटे भाजी काढून बाजारात न्यायच्या. गिऱ्हाईक येईपर्यंत ऊन चढायचे आणि पालक मान टाकायचा. एक निवृत्त मास्तर त्यांच्याकडून नेहमी भाजी घेत. ते एकदा म्हणाले, "ताई, काय काय निघालंय ते सकाळी फोनवर कळवत जा. आम्ही सांगू तेवढंच काढा. उगाच नासाडी नको."

झाले, माझे काम सुरू झाले. बाई वाफ्यात उभ्या राहून मला तोंडाशी धरायच्या आणि बोलायच्या, "पालक कोवळा आहे. मुळे आहेत. काकडी दोन दिवस कडू निघतेय, घेऊ नका." हा निरोप एकाच वेळी सगळ्यांना जायचा. स्वतःच्याच मालाला नावे ठेवणारी बाई लोकांना भारी आवडली. सात घरांची वीस झाली, विसांची चौसष्ट झाली. बाई मला दिवसातून दहादा फडक्याने पुसायच्या. पाऊस आला की आधी मला पिशवीत घालायच्या, मग स्वतःचे डोके झाकायच्या. मातीत काम करून त्यांच्या बोटांचे ठसे इतके झिजले होते, की माझे कुलूप काही केल्या उघडायचे नाही. शेवटी त्यांनी ते काढूनच टाकले. म्हणाल्या, "माझ्या फोनमधून कोण काय चोरणार? पालक?"

घरोघरी भाजी पोहोचवायला त्यांची धाकटी जाऊ होती. तिला स्कूटर यायची. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ती चार-चार मजले चढायची. कामाला वाघीण होती, हे मला नाकारता येणार नाही. एक दिवस ती म्हणाली, "ताई, लोक ऑफिसात असतात, तुमचं बोलणं कधी ऐकणार? मी लिहून पाठवत जाते." बाईंना ते पटले. तेव्हापासून निरोप जाऊ लिहू लागली. खाली मात्र नाव तेच राहिले : ताईंचा मळा.

मग बाईंच्या मुलीचे बाळंतपण आले. आठ दिवस लेकीकडे जायचे होते. बाईंनी मला जावेच्या हातात दिले. "गिऱ्हाईक खोळंबायला नको. मळा नि फोन तुझ्यावर सोडून चाललेय, गं."

"तुम्ही निर्धास्त जा, ताई," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तिने माझ्यावर लिहिले : 'तब्येतीच्या कारणाने मळा बंद करत आहे. यापुढे भाजीसाठी खालील नंबरवर कळवावे. आपली, मळेवाली ताई.' तो नंबर जावेचा होता. चौसष्ट घरांना हा निरोप मीच पोहोचवला, मित्रांनो. मला जे दिले जाते ते मी पोहोचवतो, खरे-खोटे मला विचारायची सोय नाही. लोकांची उत्तरे आली. काळजी घ्या, लवकर बऱ्या व्हा, जोडलेले हात. तिने ती पुसली, आपला निरोपही पुसला. मग माझ्यात साठवलेल्या प्रत्येक नंबरचा शेवटचा आकडा बदलून टाकला. नावे जशीच्या तशी राहिली, फक्त त्यांच्यामागे माणसे उरली नाहीत.

बाई परतल्या त्या आनंदात. जावेला नातीचे कौतुक सांगत त्यांनी मळ्याला फेरी मारली आणि जुन्या सवयीने माझ्याशी बोलून निरोप पाठवला. एकही उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जाऊ म्हणाली, "लोकांना आता दुकानातली भाजी सोयीची पडते, ताई. आणि माझेही गुडघे दुखतात हल्ली." ती यायची थांबली.

बाई अंदाजाने भाजी काढायच्या आणि उरलेली शेजारच्या गाईपुढे टाकायच्या. एकदा त्यांनी पालकाचे कच्चे पान चावून पाहिले. "कडू लागलं असेल का कुणाला?" त्या मला विचारत होत्या. मला सगळे ठाऊक होते, आणि सांगायला तोंड नव्हते.

त्या खोट्या निरोपाला अकरा दिवस झाले तेव्हा मी वाजलो. नंबर अनोळखी दिसत होता, पण आवाज मास्तरांचा होता.

"ताई, तब्येत कशी आहे? मळा बंद केलात, वाईट वाटलं. भाजी येते तशी, पण ती तुमच्या हातची नाही वाटत. मंडईतून आणल्यासारखी असते."

"बंद? मास्तर, मी मळ्यातच उभी आहे. कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच की. तुमच्याच फोनवरून आलं."

बाईंनी मला कानापासून दूर धरले आणि माझ्याकडे पाहिले. ती नजर मी अजून विसरलो नाही.

त्या सरळ जावेच्या घरी गेल्या. अंगणात मंडईतले क्रेट रचलेले होते.

"का केलंस?" त्यांनी एवढेच विचारले.

जाऊ म्हणाली, "तीन वर्षं जिने मी चढले, ताई. दार उघडलं की लोक म्हणायचे, ताईंची भाजी आली. मी कोण, कुणी विचारलं नाही."

"मी विचारायला हवं होतं. ते चुकलंच माझं," बाई म्हणाल्या. "पण मी जिवंत असताना माझा मळा मिटवलास, आणि तोही माझ्याच नावानं. ते कसं गं विसरू?"

जाऊ क्रेटमधल्या काकड्या पिशव्यांत भरू लागली.

पुढे बाई दारोदार फिरल्या. एकोणीस घरे परत आली. बाकीच्यांनी दारातच सांगितले, "आता तिकडचं बसलंय हो, वेळेवर येतं." बाईंनी नवा फोन घेतला. त्याला आकड्यांचे कुलूप आहे, आणि तो त्या क्षणभरही कुणाच्या हाती देत नाहीत. मला त्यांनी इथे ठेवले. फेकले नाही, पण पुसलेही नाही. एकदा मोटार चालू करायला आल्या तेव्हा मला उचलले, उलटेसुलटे करून पाहिले आणि पालथे ठेवून गेल्या. त्यांचा घात झाला तो माझ्यातूनच, हे त्यांना पुसता येत नाही. मलाही येत नाही.

जावेचा राग मला आहेच. पण पडल्या पडल्या मला जास्त सलते ते वेगळेच. चौसष्ट घरांनी तो निरोप वाचला. वर्षानुवर्षे जिच्या हातचे खाल्ले ती बाई आजारी आहे, असे त्यांना कळले. त्यांनी जोडलेले हात पाठवले आणि दुसऱ्या दिवशी नव्या नंबरवर काकडी मागवली. नेमके काय झाले, हे विचारणारा एकच निघाला, आणि त्यालाही अकरा दिवस लागले.

म्हणून, मित्रांनो, तुमच्या घरी कुणी रोज भाजी, दूध, पेपर घेऊन येत असेल आणि एखाद्या दिवशी त्याने काम सोडल्याचा निरोप आला, तर लगेच हात जोडून मोकळे होऊ नका. त्याला फोन लावा. तो उचलेपर्यंत थांबा.