माझ्या कानावरचे दात

मित्रांनो, मी एक जुना लाकडी घोडा आहे. हसू नका. शेपूट तुटली, रंग उडाला, डावा कान चावून चावून निम्मा झाला, तरी घोडा तो घोडाच. मला बोलता येत नाही, याचं पूर्वी कधी वाईट वाटलं नव्हतं. खेळण्यानं खेळावं आणि बोलायचं ते माणसांनी बोलावं, असं माझं सरळ मत होतं. पण एका मुलापायी मला माझ्या मुकेपणाचा इतका राग आला, की काय सांगू.

मला घडवलं एका म्हाताऱ्या सुतारानं. आयुष्यभर त्यानं लोकांच्या दारांच्या चौकटी केल्या. पहिली नात झाली तेव्हा उरलेल्या लाकडातून त्यानं मला कोरलं. मान जरा आखूड झाली आणि मागचं उजवं चाक केसभर वर बसलं. ते जमिनीला टेकेना, नुसतं हवेत फिरे. "राहू दे, तीन चाकांवर पळतोय की," असं म्हणून त्यानं मला रंगवून टाकलं. हे अधांतरी चाक लक्षात ठेवा.

त्या नातीला घरात सगळे ताई म्हणत. ताईनं माझे जे हाल केले ते केवळ मीच सोसले. दात येत होते, म्हणून माझा डावा कान सतत तिच्या तोंडात. मग फरशीवर आपटून बघणं. मग मांडीवरून मला खाली टाकायचं आणि आईकडे बघायचं. आईनं उचलून दिलं की पुन्हा टाकायचं, पुन्हा बघायचं. आईची कंबर मोडली, पण पोरीची हौस फिटेना. शेपूट गेली ती जिन्यावरून झालेल्या प्रवासात. आणि घरी कुणी आलं की मला थेट त्याच्या नाकासमोर धरायची. तिला बोलता येत नव्हतं, तरी 'बघा, माझा घोडा' हे सगळ्यांना कळायचं. मी कुरकुरायचो, पण खरं सांगतो, ते माझे सुखाचे दिवस होते.

ताई मोठी झाली आणि मी पलंगाखालच्या पेटीत गेलो. पाच वर्षांनी तिला भाऊ झाला, तेव्हा आईनं मला पुसून पुन्हा बाहेर काढलं. उरलेला कानही आता जाणार, अशी मनाची तयारी करूनच मी बाळासमोर बसलो.

बाळाचे वडील घड्याळजी. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मागे घर. डोळ्याला भिंग लावायचं, हातात बारीक चिमटा घ्यायचा आणि तांदळाएवढ्या चाकांशी दिवस दिवस बोलत बसायचं, हा त्यांचा जन्माचा धंदा. बाळाची सतरंजी त्यांच्या टेबलाशेजारीच घातलेली असे.

बाळानं मला घेतलं, आडवं केलं आणि ते अधांतरी चाक फिरवलं. मग मान वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून, अगदी जवळून बघत राहिलं. चाक थांबलं की पुन्हा फिरवी. सकाळ गेली, दुपार गेली. मला वाटलं, नवलाई आहे, उद्या कान चावेल. उद्याही चाकच. महिनाभर चाकच. त्यानं मला तोंडात घातलं नाही, आपटलं नाही, खाली टाकून कुणाकडे पाहिलं नाही. आणि कुणाला दाखवलं तर मुळीच नाही.

इकडे वडिलांच्या कौतुकाला पूर आला. "बघितलंस? एका डोळ्यानं बघतो, माझ्यासारखा. घड्याळजीचं पोर आहे," ते आईला म्हणायचे. गिऱ्हाईक आलं की त्यालाही जवळ बोलावून दाखवायचे. हाक मारली तरी बाळ वळायचं नाही, म्हणून त्याचं नाव पडलं साहेब. "साहेब कामात आहेत, आत्ता भेटणार नाहीत," असं वडील म्हणत आणि सगळे हसत. शेजारच्या खोलीत घड्याळाला किल्ली दिली की साहेब लगेच मान वळवायचे, त्यामुळे कानांची शंका कुणाला आली नाही. आई मात्र कधी कधी हसता हसता थांबायची. "ताई अशी नव्हती हो," ती म्हणाली एकदा. "ताई आगाऊ होती, हा शहाणा आहे," वडील म्हणाले. विषय संपला.

मित्रांनो, मी लाकूड आहे, डॉक्टर नाही. पण बाळांच्या हातांची मला चांगली ओळख आहे. या मुलाची वाट वेगळी आहे, ती कुणीतरी वेळेवर समजून घ्यायला हवी, हे मला आठव्या महिन्यातच कळलं होतं. सांगणार कसं? मी त्याच सतरंजीवर पडून चाक फिरवून घेत होतो. माझ्याच चाकाचं कौतुक चाललं होतं आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

साहेब दीड वर्षांचे झाले, तेव्हा लसींची नोंद घ्यायला परिचारिकाबाई घरी आल्या. वडिलांनी हौसेनं साहेबांची कारागिरी दाखवली. बाई खाली बसल्या. त्यांनी हाक मारली, टाळी वाजवली, खिडकीकडे बोट दाखवलं. साहेब चाकातच. मग त्यांनी मला हळूच उचललं आणि कानावरून बोट फिरवलं.

"हे दात कोणाचे?"

"मोठीचे," आई म्हणाली.

"आणि याचे कुठे आहेत?"

आईनं मला हातात घेतलं. सगळीकडून फिरवून पाहिलं. साहेबांची खूण माझ्या अंगावर एकच होती. ते एक चाक, झिजून गुळगुळीत झालेलं.

"एका चाकावरून मी काही म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "पण हाकेला वळत नाही, बोट दाखवत नाही, वस्तू आणून देत नाही. एकदा तपासून घ्या. लवकर कळलं तर त्याला मदत लवकर मिळते." त्यांनी एका बालविकास केंद्राचा पत्ता कागदावर लिहून दिला.

बाई गेल्या आणि वडील भडकले. "सगळी मुलं सारखी असतात का? या घोड्यानं सवय लावली, दुसरं काही नाही." कागद ड्रॉवरमध्ये गेला आणि मी कपाटावर. वाटलं, ओरडून सांगावं की अहो, मला शिक्षा करून काय होणार आहे? खाली साहेब आता डब्याचं झाकण फिरवत होते. मी वरून बघत होतो. बघण्याखेरीज माझ्या हातात होतं तरी काय? असे सहा महिने गेले.

मग एका सकाळी वडील भिंग लावून काम करत होते. साहेब आले. त्यांनी वडिलांचं मनगट धरलं, ओढत कपाटापाशी नेलं आणि तो हात माझ्या दिशेनं वर ढकलला. घोडा हवा होता. मात्र वडिलांच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंच नाही. वडिलांनी मला काढून दिलं. साहेबांनी हात सोडून दिला आणि चाक फिरवायला बसले.

वडील तिथेच उभे होते. डोळ्यावरचं भिंग काढून त्यांनी आईला हाक मारली.

"मी चिमटा उचलतो ना, तसा त्यानं माझा हात उचलला," ते म्हणाले. "काम झालं, ठेवून दिला. मी कोण आहे, हे त्याला..." ते ड्रॉवर उघडून शोधू लागले. मग म्हणाले, "त्या बाईंचा कागद कुठे आहे?"

आता आई-वडील साहेबांना घेऊन त्या केंद्रात जातात. साहेब तीन वर्षांचे होत आले. घरी वडील दुकान अर्धा तास बंद ठेवतात आणि फरशीला गाल टेकवून माझ्याशेजारी आडवे होतात. चाक फिरतं. ते बोटानं थांबवतात आणि वाट पाहतात. साहेब बोट बाजूला करतात, पुन्हा फिरवतात. कितीतरी दिवस असंच चाललं. परवा मात्र चाक थांबल्यावर साहेबांनी बोटाकडे पाहिलं, बोटावरून हाताकडे, आणि क्षणभर, अगदी क्षणभर, वडिलांच्या डोळ्यांत. मग पुन्हा चाक. वडील उठून दुकानात गेले आणि डोळ्याला उलटंच भिंग लावून बसले.

मित्रांनो, तुमच्या घरात लहान भाऊ किंवा लहान बहीण असेल, तर त्यांच्या हातातलं खेळणं मोडलं म्हणून रागावू नका. आणि एखादं बाळ खेळणं कुणालाच दाखवत नसेल, हाकेला वळत नसेल, तर मोठ्यांना सांगा. ते हसले तर पुन्हा सांगा. तुम्हाला बोलता येतं. मला येत असतं तर मी आठव्या महिन्यातच सांगितलं असतं.

माझा उजवा कान अजून कोरा आहे. साहेबांचं आता ते वय राहिलं नाही.