हलकी काडतुसं

ताइस्तोने रायफल टेबलावर ठेवली आणि बूट न काढताच तो खुर्चीत बसला. चुलीवरचं मटाराचं सूप ढवळणारा ऐनीचा हात थांबला. हा माणूस कधी बुटांनिशी घरात आला नव्हता.

"मूस हरण मिळालं नाही?"

मिळालं होतं, पण त्याच्या हातून नाही. त्याची गोळी जनावराच्या पायाला लागली आणि ते बिचारं दुपारभर दलदलीतून लंगडत फिरलं. शेवटी कुत्र्यांनी अडवलं, तेव्हा शेजारच्या रेइनोने गोळी घालून त्याला सोडवलं. परत येताना कुणी ताइस्तोची टर उडवली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. शिकारीच्या टोळीतली आपली जागा त्याने तिथेच सोडून दिली.

ऐनीची नजर टेबलावरच्या रायफलीकडे गेली. ही रायफल सासऱ्यांची. गंज खाल्लेली मिळाली, ती ताइस्तोने घासूनपुसून, नवा दस्ता तासून उभी केली. तिची काडतुसं दुकानात मिळेनाशी झाली, तेव्हा ऐनी ती घरी भरायला शिकली. लष्करी रायफलीच्या जुन्या पितळी पुंगळ्या आणायच्या, त्यांची तोंडं रुंद करायची, दारू तोलून घालायची, वर गोळी बसवायची. सगळा हिवाळा याच टेबलाशी जायचा. तो पुंगळ्या पुसायचा आणि तिची खोडी काढायचा. यंदा त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. धक्का सोसणार नाही म्हणून तिने त्याला न सांगता दारू कमी भरली होती. हलक्या काडतुसाची गोळी खाली जाते, हे काय तिला ठाऊक नव्हतं?

"तुझा नेम नाही चुकला," ती म्हणाली. "दारू मी कमी घातली होती."

"माहितीय. सरावाला पहिला बार काढला तेव्हाच कळलं. खांदा दुखलाच नाही. तेव्हापासून नेम वर धरतोय."

"मग आज?"

त्याने डोळे चोळले. "आज काळं काहीतरी हललं आणि मी चाप ओढला. मला दिसत नाही, ऐनी. गेल्या वर्षीपासून. उद्या त्या जनावराच्या जागी रेइनो असेल."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू भरायचं बंद केलं असतंस. मग हिवाळाभर आपण इथे बसून काय केलं असतं, म्हातारे?"

ऐनीला रडू आवरेना. त्याने सवयीने खिशातली रिकामी पुंगळी काढून तिच्या तळहातावर ठेवली. दरवर्षी ठेवायचा तशीच.

डोळे पुसून ती चुलीशी परतली. कोमट पाण्यात साबण घालून पुंगळी धुऊ लागली.

"आता कशाला धुतेस?"

"पितळ काळं पडतं," ती म्हणाली, आणि पुंगळी तिने चुलीच्या कडेला सुकायला उभी केली.