पिट्लै परवायिल्लै

हरिप्रसादचं लग्न मोडलं.

असं काही झालेलं नाही. जे ठरलंच नव्हतं ते मोडणार कसं, अशी तंजावुरात त्याच्या आईची, वत्सलाबाईंची, आणि पापनाशमला मुलीच्या वडिलांची, भरद्वाजरावांची, भूमिका आहे. दोन्ही घरांचं एकमत असलेली ही एकमेव गोष्ट, तेव्हा आपणही ती मोडायला नको. कोणाचं काही मोडलेलं नाही. तंजावूरच्या मराठी घरातला, विमा कंपनीत बसून लोकांच्या मरणाचे अंदाज काढणारा हरिप्रसाद नावाचा एक मुलगा आहे, आणि न ठरलेलं ते लग्न व्हावं म्हणून तो अजून झुरतो आहे, एवढंच.

मुलगी पाहायला गेले तेव्हा सगळं रीतसर पार पडलं होतं. सोज्जी-बज्जी, म्हणजे शिरा आणि कच्च्या केळ्याची भजी, समोर आली. बशी पुढे करताना विनुताने ओठ न हलवता सांगितलं, "सोज्जी दुकानातली आहे. घरची म्हणून कौतुक करा, नाहीतर अम्मा राग माझ्यावर काढील." हरिप्रसादने असं कौतुक केलं की तिची आई नागलक्ष्मीबाई लाजून आत गेल्या. विनुताने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फक्त जास्तीचं एक भजं त्याच्या बशीत सरकवलं. इतक्या सफाईने खोटं वाटून घेणारी बायको पुन्हा मिळायची नाही, हे त्याला त्या भज्यातच कळलं.

दोन्हीकडून होकार गेले. मग भरद्वाजरावांनी घरी जेवायला बोलावलं, आणि तिथे केळीचं पान आडवं आलं.

त्या दिवशी नागलक्ष्मीबाईंनी कारल्याची पिट्लै केली होती. महाराष्ट्रातला माणूस या नावाला भुलून पिठलं समजून बसेल आणि पहिल्या घासाला रडेल. इथली पिट्लै म्हणजे तुरीची डाळ, चिंचेचा कोळ आणि कारलं. त्यात धणे, चण्याची डाळ, सुक्या मिरच्या आणि खोबरं खमंग भाजून वाटून घातलेलं. नागलक्ष्मीबाईंनी हिंग असा जपून घातला होता की तो भातात सापडत नव्हता, पण पाणी प्यायल्यावर हळूच आठवत होता. कारल्याचा कडूपणा त्यांनी काढून टाकला नव्हता, नुसता वठणीवर आणला होता. हरिप्रसाद बोलायचं विसरला. त्याचे वडील नटराजराव, जे घरी 'आणखी वाढू का' या प्रश्नाला तीस वर्षं हात आडवा करत आले होते, त्यांनी आपण होऊन चौथ्यांदा पिट्लै मागितली. शेजारी बसलेल्या वत्सलाबाईंनी ते मोजलं. तोंडाने त्या एवढंच म्हणाल्या, की उन्हाळ्यात यांच्या जिभेला चव कळत नाही.

जेवण झालं. हरिप्रसादने अतिशय समाधानाने पानाची आपल्याकडची कड उचलली आणि पलीकडे मिटली.

भरद्वाजरावांची विधवा बहीण सीतालक्ष्मी ताकाचं भांडं घेऊन उभी होती. तिने पानाकडे पाहिलं, मग हरिप्रसादकडे, आणि शांतपणे विचारलं, "कोण गेलें?"

या मुलखात जेवण झाल्यावर पानाची वरची बाजू आपल्याकडे ओढून मिटतात. नातं आपल्याकडे ओढलं, पुन्हा बोलवा, असा त्याचा अर्थ. पलीकडे मिटतात ते फक्त मर्तिकाला आणि श्राद्धाला. हरिप्रसादला हे माहीत नव्हतं, आणि यात दोष असलाच तर त्याच्या नातेवाइकांच्या तब्येतीचा होता. घरी तो स्टीलच्या ताटात जेवे. लग्नाच्या हॉलमध्ये पुढची पंगत मानगुटीवर उभी असते, आणि ताक संपायच्या आत वाढपी टेबलावरचा कागद पानांसकट गुंडाळून नेतात. तिथे कोणाला पान मिटायची सवडच नसते. सावकाश, शेवटपर्यंत बसून, स्वतःच्या हाताने पान मिटायचं असं जेवण त्याला आयुष्यात फक्त श्राद्धांना मिळालं होतं. काका, आजोबा, दुसरे आजोबा. हाताला तेवढंच वळण होतं.

हे सगळं तिथल्या तिथे सांगितलं असतं तर लोक हसले असते. पण वत्सलाबाईंच्या डोक्यात अजून ती चौथी पिट्लै होती. त्या उठल्या, हात धुतले, आणि टॅक्सीत जाऊन बसल्या. वाटेतल्या कालव्यापाशी आल्यावर त्यांनी जाहीर केलं की मुलाने केलं ते योग्यच केलं.

"चूक झाली, अम्मा," हरिप्रसाद म्हणाला. "मज ठाऊक नव्हतें."

"ठाऊक नव्हतें असं कुठे बोललास तर बघ," वत्सलाबाई म्हणाल्या. "अपमान केला म्हणतील, म्हणू देत. रीत कळत नाही म्हणाले तर मी तंजावुरात तोंड कुठे दाखवू?"

नटराजराव खिडकीबाहेर भाताची शेतं पाहत होते. त्यांना ढेकर आला. त्या ढेकराने तडजोडीची उरलीसुरली आशाही गेली.

दुसऱ्या दिवसापासून निरोप सुरू झाले. ते वेंकटरावांमार्फत जात. वेंकटराव दोन्हीकडचे लांबचे नातेवाईक. हे स्थळ त्यांनीच सुचवलं होतं, आणि आता दोन्ही घरी त्यांना कॉफी पाणी घालून मिळत होती. भरद्वाजरावांनी कळवलं की आमच्या घरी सध्या सर्व जण जिवंत आहेत. कोणाविषयी आपल्याकडे वेगळी माहिती असल्यास सांगावी. वत्सलाबाईंनी उलट कळवलं की श्राद्ध त्या कारल्यांचं होतं, माझ्या मुलाने ते ओळखलं. त्यावर नागलक्ष्मीबाईंकडून विचारणा आली की मग तुमच्या यजमानांनी त्या प्रेताला चार वेळा हाक का मारली. त्या रात्री नटराजरावांना नुसता दहीभात मिळाला. मीठ मागितलं तर पापनाशमहून मागवा असं सांगण्यात आलं.

विनुताने हरिप्रसादला फोनवर एकच गोष्ट सांगितली: अप्पांनी ते पान फ्रिजमध्ये ठेवलं आहे, दुधाच्या वरच्या कप्प्यात, आणि आता दुधालाही सुतकाचा वास येतो. ती हसत होती. मग हसायची थांबून म्हणाली, की तुम्ही सगळ्यांसमोर एकदा खरं सांगा, पुढचं मी बघते. हरिप्रसादने शब्द दिला.

सगळ्यांना एकत्र आणायला वेंकटरावांनी तंजावुरातलं एक हॉटेल निवडलं. तिथलं अन्न दोघींपैकी कोणाच्याच हातचं नव्हतं, हाच त्याचा मोठा गुण. बाकी गुणही होते. तिथला तुपातला रोस्ट, म्हणजे कुरकुरीत लांबलचक डोसा, टेबलाच्या दोन्ही कडांबाहेर लोंबत येई आणि मोडला की शेजारच्या टेबलावर ऐकू जाई. सांबारात अख्खे छोटे कांदे असत, चटणी नुकती वाटलेली असे, आणि कॉफी अशी की माणसाने आपल्या शत्रूचंही ऐकून घ्यावं.

ते सहा जण आणि वेंकटराव समोरासमोर बसले. नमस्कार झाले नाहीत. भरद्वाजरावांनी मुद्दाम रवा डोसा मागवला, कारण तो यायला वेळ लागतो आणि तोवर समोरच्यांना ताटकळत ठेवता येईल. वत्सलाबाईंनी ताबडतोब दोन इडल्या मागवून त्यांच्या देखत संपवल्या. मग भरद्वाजरावांनी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं, काठाने पिवळं पडलेलं केळीचं पान टेबलाच्या मधोमध ठेवलं.

वाढपी लगेच आला. त्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत.

"हा खाद्यपदार्थ नाही," भरद्वाजराव तमिळमध्ये म्हणाले. "पुरावा आहे."

वाढप्याने व्यवस्थापकाला बोलावलं. व्यवस्थापकाने पान उलटसुलट केलं, हुंगलं, आणि निर्णय दिला की पुरावा चालेल, पण त्यावर काही वाढून घ्यायचं नाही. त्यामुळे सगळ्यांनी त्या पानाभोवती बश्या लावून खाल्लं. हेही सांगायला हवं की ते अत्यंत चवीने खाल्लं. इतकं वैर आणि इतकी भूक एका टेबलावर क्वचित बसते. नटराजरावांनी आपला रोस्ट एका टोकापासून खायला घेतला, आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत मान वर केली नाही. मुलाच्या लग्नातही लोकांना त्यांच्या चेहऱ्यावर एवढंच सुख दिसलं असतं.

आणि मग एक चमत्कार झाला. वत्सलाबाईंनी सांबाराची वाटी ओठाला लावली आणि खाली ठेवली. समोर नागलक्ष्मीबाईंनीही त्याच क्षणी वाटी खाली ठेवली. दोघींची नजरानजर झाली.

"गूळ," नागलक्ष्मीबाई म्हणाल्या.

"अंगभर," वत्सलाबाई म्हणाल्या.

दोघी खुर्च्या पुढे घेऊन, एकमेकींची नावं न घेता, त्या हॉटेलच्या स्वयंपाक्याची, त्याच्या गुरूची आणि त्याला जेवायला शिकवणाऱ्या बाईची साग्रसंगीत निंदा करू लागल्या. चिंच कमी पडली की असले लोक गूळ ओततात, असं एकीने म्हटलं. दुसरी म्हणाली, मसाला विकतचा, धणे भाजलेच नाहीत. वेंकटरावांचे डोळे भरून आले. तिसऱ्या माणसाचा द्वेष हा संसाराचा केवढा पाया आहे, हे हरिप्रसादला पहिल्यांदा दिसलं.

विनुताने ती वेळ साधली. तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "त्या दिवशीची पिट्लै तुम्हाला कशी वाटली होती?"

उत्तर सोपं होतं. आयुष्यात एवढं चांगलं काही खाल्लं नाही, पान चुकून मिटलं, मला माहीत नव्हतं. तीन वाक्यं. पहिलं वाक्य जिभेवर आलंही होतं. पण डाव्या कोपराला अम्माचं कोपर लागत होतं, आणि ते कोपर ऐकत होतं. हरिप्रसादने घाईघाईने असा एक शब्द शोधला की ज्याच्यात समोरच्यांना कौतुक ऐकू येईल आणि अम्माला येणार नाही. तो सापडलाही.

"परवायिल्लै," तो म्हणाला.

तमिळमध्ये याचा अर्थ, बरी होती की, चांगलीच म्हणा ना. मराठी कानाला मात्र तो ऐकू येतो 'पर्वा नाही' असा. समोरचे तमिळमध्ये ऐकतील आणि अम्मा मराठीत, असा त्याचा हिशेब होता. दोन्ही घरं दोन्ही भाषा सारख्याच बोलतात. पण भांडायला आलेला माणूस स्वतःला जास्त लागेल तीच भाषा निवडतो. भरद्वाजरावांनी मराठीत ऐकलं. वत्सलाबाईंनी तमिळमध्ये ऐकलं.

"पर्वा नाही काय?" भरद्वाजराव उभे राहिले. "माझी बायको पहाटेपासून चुलीपुढे होती, आणि याला पर्वा नाही."

"चांगली होती काय?" वत्सलाबाईही उभ्या राहिल्या, पण मुलाकडे वळून. "तुझ्या बापाने लाज घालवली तें पुरलें नाही तुला?"

नागलक्ष्मीबाई म्हणाल्या की गूळ घालणारे परवडले. वत्सलाबाई म्हणाल्या की मग त्यांच्याच घरी मुलगी द्या. या गडबडीत वाढप्याने रिकाम्या बश्यांबरोबर पुरावाही उचलून नेला, आणि भरद्वाजराव त्याच्यामागे थेट भटारखान्यात शिरले.

विनुता बसूनच होती. तिने टेबलावर थोडं पुढे वाकून, फक्त हरिप्रसादला विचारलं, "कुठल्या भाषेत म्हणालांत?"

अजूनही वेळ होती. हरिप्रसादने तोंड उघडलं. तेवढ्यात दुसरा वाढपी त्याच्याजवळ येऊन कॉफी हवी का म्हणून विचारू लागला, आणि हरिप्रसाद त्याला म्हणाला, "हो."

विनुता हात धुवायला गेली. बेसिनपासून हॉटेलचं दार जवळ होतं. ती टेबलाकडे परत आली नाही. कॉफी आली. ती उत्तम होती, हे त्याला आजही विसरता येत नाही.

पुढे फार काही नाही. हरिप्रसादची बदली कुंभकोणमला झाली आणि तो रोज सकाळी गाडीने जाऊ लागला. वाटेत पापनाशम लागतं. भरद्वाजरावांचं घर रुळांना लागून आहे, आणि गाडी थांबते त्या वेळी त्या घरात धणे आणि चण्याची डाळ भाजत असतात. विनुताचा फोन लागत नाही. खिडकी बंद केली तर वास दारातून येतो. शेवटी त्याने रेल्वेला एक अर्ज धाडला. अर्ज तमिळमध्ये आहे. मराठीत त्याचा मजकूर असा होतो:

मा. विभागीय व्यवस्थापक साहेब यांस सविनय सादर. विषय: पापनाशम स्थानकावरील थांब्याबाबत. महोदय, अर्जदार हा नियमित पासधारक प्रवासी असून सदर थांब्यामुळे त्यास दररोज वैयक्तिक स्वरूपाची हानी पोचत आहे. सबब विनंती, की तंजावूरहून सुटणारी सकाळची गाडी यापुढे पापनाशम येथे थांबवण्यात येऊ नये. आणि तांत्रिक कारणास्तव ती थांबवणे अपरिहार्यच असल्यास, रुळालगतच्या घरातील पिट्लै शिजून, अर्जदारास आत बोलावून, पान वाढले जाईपर्यंत तिला हिरवा बावटा दाखवण्यात येऊ नये.